स्वच्छ स्वर आणि फाटका स्वर: गिटारसाठी प्रीॲम्प मॉड्यूलची निवड



आपल्या कित्येक मंडळ्यांत हार्मोनियम व तबल्याच्या जोडीला आता इलेक्ट्रिक गिटार आली आहे. तरुण संघ मोठ्या उत्साहाने वर्गणी जमवतो, ॲम्प्लिफायर विकत आणतो, आणि थोड्याच दिवसांत तक्रार कानी येते: गिटार ऐकू येते, पण गीताचे शब्द ऐकू येत नाहीत. दोष दर वेळी वाजवणाऱ्याच्या बोटांत नसतो. पुष्कळदा तो निवडीत असतो. म्हणून प्रस्तुत पाठात प्रीॲम्प मॉड्यूल कसे निवडावे, याचा आपण क्रमाने विचार करू.

1. मॉड्यूल म्हणजे काय?

गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युतसंकेत फार क्षीण असतो. प्रीॲम्प तो वाढवतो व त्याचा रंग ठरवतो. त्यानंतर पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतील तापून उजळणारे काचेचे दिवे वडीलधाऱ्यांना आठवत असतील. गिटारच्या व्हॉल्व्ह प्रीॲम्पमध्ये आजही बहुधा 12एएक्स7, म्हणजेच ईसीसी83, हा व्हॉल्व्ह असतो. त्याचा वर्धनांक 100 आहे. प्रत्यक्षात त्याचा एक टप्पा संकेत साधारण 50 ते 60 पट वाढवतो. असा संपूर्ण प्रीॲम्प एका लहान पेटीत बसवला की झाले मॉड्यूल. एक काढून दुसरे बसवावे, आणि त्याच ॲम्प्लिफायरचा स्वर पालटावा, अशी ही सोय आहे. ब्रूस एग्नेटर या अमेरिकन संकल्पकाची ही रचना रँडल कंपनीच्या ॲम्प्लिफायरांत आली, आणि पुढे सिनर्जी या नावानेही अशी मॉड्यूले निघाली.

2. स्वर फाटतो कसा?

व्हॉल्व्हला पेलवेल त्याहून मोठा संकेत दिला, तर ध्वनिलहरींची टोके छाटली जातात. यालाच आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो, आणि गिटारवादक ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात. जुन्या ॲम्प्लिफायरांत हा परिणाम मुख्यतः आवाज पूर्ण वाढवल्यावरच मिळत असे. आता जबलपूरच्या विजय नगरसारख्या निवासी वसाहतीचा विचार करा. भारत सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल व रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. तेथे 50 वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण उघडून सराव कोण करू देईल? प्रीॲम्पमध्येच स्वर फाटू द्यावा आणि मास्टर व्हॉल्यूमने तो मंद ठेवावा, हा मार्ग मॉड्यूल देते. मात्र पॉवर ॲम्प ताणला गेल्यावर जो भरीवपणा येतो, तो मंद आवाजात पूर्णपणे मिळणार नाही, हेही जाणून असावे.

3. प्रथम स्वच्छ स्वर निवडा

ज्यांच्यापाशी एकाच मॉड्यूलपुरते पैसे आहेत, त्यांनी स्वच्छ, म्हणजे ‘क्लीन’, स्वराचे मॉड्यूल घ्यावे. यात दोन घराणी प्रमुख आहेत. फेंडर कंपनीच्या 1960 च्या दशकातील काळ्या दर्शनी पट्टीच्या ॲम्प्लिफायरांवर बेतलेली मॉड्यूले मधले स्वर थोडे खाली ठेवतात. त्या मोकळ्या जागेत मानवी कंठ सुखाने बसतो, म्हणून समूहगायनाच्या साथीला ती उत्तम. इंग्लंडच्या व्हॉक्स एसी30 वर बेतलेली मॉड्यूले अधिक चमकदार असतात व लवकर फाटू लागतात. त्यांचा तीव्र स्वर बेताने ठेवावा, कारण व्यंजनांचा स्पष्टपणा 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर फार अवलंबून असतो, आणि गिटारने तोच पट्टा व्यापला की शब्द हरवतात.

4. मग ओव्हरड्राइव्ह

येथे मुख्य प्रश्न असा: वर्धनाचे टप्पे किती? जिम मार्शल यांचा लंडनमधील पहिला ॲम्प्लिफायर 1962 च्या सुमारास फेंडर बासमनच्या आधारे तयार झाला. त्या वळणाची मॉड्यूले मध्यम फाटतात व मधल्या स्वरांना उठाव देतात. 1987 च्या सोल्डानो एसएलओ-100 च्या वळणाच्या मॉड्यूलांत अनेक टप्पे एकापुढे एक असतात. त्यांचा स्वर दाट व लांबणारा असतो. एकल वादनाला तो शोभतो, पण पूर्ण कॉर्डला घातक ठरतो.

याचे कारण समजून घ्या. फाटताना दोन स्वरांतून त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात. सा आणि प यांचे प्रमाण 2:3. त्यांची वजाबाकी म्हणजे खालच्या सप्तकातील सा, जो जुळतो. गंधाराची गोष्ट निराळी. गिटारच्या पडद्यांवरील गंधार 4:5 या शुद्ध प्रमाणाहून किंचित चढा असतो, आणि म्हणून त्याच्या वजाबाकीचा स्वर स्पष्ट बेसूर निघतो. स्वर जितका अधिक फाटेल, तितका हा गोंधळ वाढतो. म्हणून जास्त ओव्हरड्राइव्हमध्ये केवळ सा-प वाजवावे, पूर्ण कॉर्ड वाजवायची असल्यास कमी टप्प्यांचे मॉड्यूल घ्यावे.

5. घेण्यापूर्वी चार परीक्षा

अ) दोन मॉड्यूलांची तुलना सारख्याच मोठेपणाने करावी; मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो.
आ) सहाही तारांची कॉर्ड छेडावी. प्रत्येक स्वर वेगळा कळतो काय?
इ) गिटारवरील व्हॉल्यूम अर्ध्यावर आणावा. चांगले ओव्हरड्राइव्ह मॉड्यूल तेव्हा जवळजवळ स्वच्छ होते.
ई) कोणास तरी गावयास सांगून शेवटच्या बाकावर बसून ऐकावे. मंद आवाजात खर्ज कानाला कमी जाणवतो. म्हणून घरी जुळवलेली बटणे सभागृहात पुन्हा जुळवावी लागतात.

एक सावधगिरी: अमेरिकेतील उपकरण 120 व्होल्टचे असू शकते, आणि आपल्याकडे पुरवठा 230 व्होल्टचा आहे. योग्य ट्रान्सफॉर्मरवाचून ते लावू नये. अर्थिंग तपासावे. व्हॉल्व्हच्या मंडलात शेकडो व्होल्ट असतात, म्हणून मॉड्यूल वीज बंद करूनच बदलावे.

पौलाने करिंथकरांस लिहिताना पावा व वीणा यांचा दाखला दिला आहे. त्यांच्या नादांत भेद नसेल तर काय वाजते ते कळणार कसे, असा त्याचा प्रश्न आहे. वाचकहो, मॉड्यूल निवडतानाही तोच प्रश्न पुढे ठेवा. वर्गणी थोडी असते आणि ती अनेकांच्या कष्टाची असते. ती अशा स्वरावर खर्च व्हावी, ज्याच्या सोबतीने गाणाऱ्यांचे शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतील.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या गायनात गिटार साथीला आहे की एकल वादनाला? त्यानुसार किती टप्प्यांचे मॉड्यूल पुरेल?
2. आपल्या सभागृहात शेवटच्या बाकावर शब्द स्पष्ट ऐकू येतात काय? नसल्यास प्रथम कोणते बटण कमी कराल?