लोहचुंबकापासून थंडावा व ऊब

सालेकसा तालुक्यातील कचारगड परिसरात भाताबरोबर परसातील भाजीपाला व तळ्यांतील मासळीही निघते. उन्हाळ्यात हा माल बाजार गाठेपर्यंत कोमेजतो वा नासतो. लोहचुंबकाने थंडावा निर्माण करता येतो, हे ऐकून शेतकरी बंधूंच्या आशा वाढणे साहजिक आहे. परंतु पैसा गुंतविण्यापूर्वी ही युक्ती समजून घ्यावी.

गॅडोलिनियम या धातूचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबकच होय. एरवी या चुंबकांची तोंडे वाटेल त्या दिशेस असतात. माघ पौर्णिमेच्या यात्रेत पायथ्याशी भाविक कसेही वावरतात, पण गुहेकडे चढताना रांगेत लागतात. तद्वत बलवान लोहचुंबक जवळ येताच हे अणू एका दिशेस वळतात व धातू तापतो. ही उष्णता पाण्याने वाहून न्यावी आणि मग चुंबक दूर करावा. रांग मोडते, त्यासाठी लागणारी उष्णता धातू स्वतःतूनच घेतो व पूर्वीपेक्षा थंड होतो. एक टेस्ला तीव्रतेच्या चुंबकाने हा फरक जेमतेम ३ अंशांचा पडतो. म्हणून धातूच्या कणांतून पाणी मागेपुढे खेळवून तो वाढवितात. एका टोकास थंडावा, दुसऱ्या टोकास ऊब मिळते. त्या उबेवर पाणीही तापविता येईल.

मग नांगराच्या फाळाचे लोखंड का चालू नये? प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे चुंबकत्व ठरावीक उष्णमानाला लोपते व त्याच्या आसपासच हा परिणाम जोरकस असतो. लोखंडाचे ते उष्णमान ७७० अंश सेल्सिअस, गॅडोलिनियमचे मात्र सुमारे २० अंश.

वाइस व पिकार यांनी १९१७ साली निकेलमध्ये हा परिणाम नोंदविला. नेहमीच्या हवामानात चालणारे यंत्र ब्राउन यांनी १९७६ साली दाखविले. तथापि गॅडोलिनियम व बलवान चुंबक दोन्ही महाग आहेत. लॅन्थॅनम, लोखंड व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूंकडून स्वस्ताईची आशा आहे.

असे यंत्र विजेशिवाय चालते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. रांगेत लागलेल्या धातूपासून चुंबक ओढून काढण्यास शक्ती लागतेच. बाजारातील शीतकपाटाच्या दारातला चुंबक तर केवळ दार घट्ट बसावे म्हणून असतो!

तूर्त भाजीसाठी विटांच्या दुहेरी भिंतीची, मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत ओली वाळू भरलेली कोठी सावलीत बांधावी. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे व वर ओले गोणपाट टाकावे. कोरड्या उन्हाळ्यात ती उत्तम गारवा देते. पावसाळ्याच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही. मासळीस मात्र बर्फच हवा.