उंच केलेली गाडी आणि प्रोपेलर शाफ्टची थरथर

जीप रँग्लरच्या १९९७ ते २००६ या काळातील टीजे पिढीत ट्रान्सफर केसपासून, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीपासून, मागील डिफरन्शियलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट मुळातच आखूड असल्यामुळे, गाडी कॉइल स्प्रिंग बदलून चार इंच उचलली की तो बराच तिरका होतो आणि महामार्गावर गाडी थरथरू लागते. त्यावर उपाय म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारे कंट्रोल आर्म, म्हणजे ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे, विकत घेतले जातात. पण ते बसवूनही थरथर कायम राहते, क्वचित वाढते, असा अनेक मालकांचा अनुभव आहे. या दांड्यांनी डिफरन्शियलच्या पिनियनचा, म्हणजे शाफ्ट ज्याला फिरवतो त्या गिअरचा, कोन बदलता येतो इतकेच, आणि कोणता कोन योग्य हे शाफ्टच्या प्रकारावर ठरते.

तिरकस फिरणारा क्रॉस, अर्थात युनिव्हर्सल जॉइंट, प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची गती दोनदा वाढवतो व दोनदा घटवतो. दोन टोकांना एकेक क्रॉस असलेल्या मूळ शाफ्टमध्ये दोन्ही कोन सारखे असले, तरच एकाचा दोष दुसरा खोडून काढतो; त्यामुळे तेथे पिनियन ट्रान्सफर केसच्या आउटपुट शाफ्टला समांतर हवा आणि तो उगाच वर फिरवला तर दुखणे बळावते. याउलट ट्रान्सफर केसकडे जोडक्रॉस असलेल्या शाफ्टमध्ये त्या टोकाचा दोष तेथल्या तेथेच जवळजवळ मिटतो, म्हणून पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत आणतात, मात्र जोर लागल्यावर तो वर उचलला जात असल्याने एखादा अंश खाली ठेवतात. शाफ्टचा तिरकेपणा कमी करण्यासाठी ट्रान्सफर केस खाली उतरवण्याचे ठोकळे स्वस्त पडतात खरे, पण जमिनीपासूनची जागा वाढवण्यासाठी खर्च करून तीच पोटाखाली घालवणे विचित्रच म्हणावे लागेल.

खरेदीपूर्वी थरथरीचे मूळ ओळखावे. ३१ इंची टायर ताशी ९० किलोमीटर वेगाला सेकंदास सुमारे १० फेरे घेतो, डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७३ असल्यास शाफ्ट सुमारे ३८ फेरे घेतो, आणि क्रॉसच्या कोनातून येणारी थरथर सेकंदास त्याच्या दुप्पट वेळा होते. म्हणून स्टिअरिंगचे संथ हेलकावे टायरकडे, तर गाडीच्या तळातून येणारी बारीक गुणगुण शाफ्टकडे बोट दाखवते. टीजेचा पुढील शाफ्ट दोन चाकांच्या ड्राइव्हमध्येही फिरत राहतो, त्यामुळे तो काढून गाडी चालवल्यास संशय पुढचा की मागचा हे कळते; मूळ मागील शाफ्ट मात्र असा काढता येत नाही, कारण त्याचा सरकता योक निघताच ट्रान्सफर केसचे तेल गळते.

पुढच्या ॲक्सलवर पिनियन वर करण्याची किंमत कॅस्टरमध्ये मोजावी लागते. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन; टीजेमध्ये तो मुळात सुमारे ७ अंश असतो, आणि तो फार घटला तर गाडी सरळ धावत नाही. थरथर पूर्ण घालवण्याच्या नादात स्टिअरिंग बिघडवण्यापेक्षा थोडी गुणगुण सोसलेली बरी.

दांडे निवडताना गाडीवरच फिरवून लांबी बदलता येणारे घ्यावेत, रोजच्या वापरासाठी टोकाला रबरी बुश असलेले बरे, आणि बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळावेत, अन्यथा बुश पिळलेल्या अवस्थेत राहून फाटतात. दांड्याची लांबी पक्की धरणारा चेक नट काही दिवसांनी पुन्हा तपासावा. २०२० नंतरच्या महिंद्रा थारच्या मागील सलग ॲक्सललाही पिनियनचे हे गणित लागू पडते. तिची पुढची चाके मात्र स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्याने तेथे पिनियन व कॅस्टर यांची ही ओढाताण नसते.