गाडी गार असताना बघ

अंधेरीच्या लिंक रोडवरच्या डीलरकडे तू ती लाल ऑडी टीटी बघून आलास आणि रात्री अकराला मला फोटो पाठवलेस, तेव्हाच ओळखलं, पोरगा कामातून गेला. 2015चं मॉडेल, 22 लाख. काका नको म्हणणार, असं तुझी आई म्हणाली म्हणे. मी नको म्हणत नाही. तीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची गॅरेजं पालथी घातली, त्यात जे हाताला लागलं ते सांगतो. पुढे तू आणि तुझं नशीब.

ही गाडी एप्रिल 2015मध्ये आपल्याकडे आली तेव्हा शोरूमची किंमत 60 लाखांच्या वर होती. आता ती एक तृतीयांशावर आली, पण तिच्या हेडलाइटला, गिअरबॉक्सला, डिस्कला ही बातमी कोणी कळवलेली नाही. पार्ट अजून साठ लाखांच्याच गाडीचे आहेत. म्हणून खिशात 22 असतील तर 17-18ची गाडी बघ आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेव. कर्ज काढून घेणार असशील तर विषयच संपला.

आता गिअरबॉक्स. यात मी स्वतः फसलोय, सर्व्हेअर असून. फार वर्षांपूर्वी एक दोन दारांची जर्मन गाडी हौसेने घेतली होती, तुला आठवत नसेल. मे महिना, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवईपाशी नेहमीचा खोळंबा. गाडी वीतभर सरकतेय, थांबतेय. तासाभराने डॅशबोर्डवर गिअरची खूण लुकलुकायला लागली आणि रिव्हर्स पडेना. मेकॅट्रॉनिक गेलं होतं, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा व्हॉल्व्ह-सर्किटचा ठोकळा. नवा 2 लाख 10 हजार, मजुरी वेगळी. शेवटी दुरुस्त केलेला बसवून 85 हजारांत भागवलं. जुन्या मालकाने गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललं नव्हतं.

टीटीचा सहा गिअरचा डबल क्लच तेलात बुडालेला असतो. सात गिअरच्या कोरड्या क्लचपेक्षा हा दणकट, पण साधारण 60 हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायलाच हवेत. बाहेरच्या चांगल्या गॅरेजात 15 ते 20 हजारांचं काम. त्याचं बिल माग. ‘सगळं कंपनीतच केलंय साहेब’ हे बिल नव्हे. टेस्ट ड्राइव्हला हायवेवर पळवून बघू नकोस, तिथे सगळ्याच गोड वाटतात. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर रिव्हर्समध्ये मुंगीच्या पावलाने चढव. थरथरली, धक्का दिला, की डीलरला नमस्कार करून घरी ये.

इंजिन नेहमी गार असताना ऐकायचं. डीलर आधीच चालू करून ठेवतात, बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवून बघ. तुझ्या फोटोंत ती दुसरी जुन्या मॉडेलचीही टीटी होती ना, स्वस्तातली? 2012च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या काही दोन लिटर टर्बो इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला पडायचा. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो. चेन सुटली तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग इंजिनच उतरवावं लागतं. तीच इंजिनं तेलही पितात. कंपनीच्या पुस्तकातच हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलंय, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

2015च्या गाडीत डोळा ठेवायचा तो कूलंटवर. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं घर प्लास्टिकचं, आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये ते गळायला लागतं. बॅटरीचा टॉर्च घेऊन इंजिनाच्या कोपऱ्यात बघ, गुलाबी मिठासारखी खपली जमलेली दिसली तर 30-40 हजार किमतीतून कमी करायला सांग. इग्निशन कॉइल साडेतीन-चार हजारांची एक, अशा चार. त्यांना घाबरू नकोस.

पाण्याला मात्र घाबर. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर कित्येक महिने मी बुडालेल्या गाड्याच मोजत होतो. त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून पुन्हा विकल्या गेल्या. डीलर सीट धुतो, परफ्यूम मारतो, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून कोणी धुवत नाही. तू ओढ. टोकाला मातकट रेघ दिसली तर गाडी बुडालेली. मग सीटच्या रुळांवरचा गंज आणि डिकीतला गालिचा उचलून खालचा खड्डा. पुढे तुझ्याकडे आल्यावरही अंधेरी सबवेत पाणी असेल तर ही जमिनीला टेकलेली गाडी घालायची नाही. बंद पडलीच तर परत स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्ट वेगळं घे, साध्या पॉलिसीवर या नुकसानीचा क्लेम मी स्वतः कितीदा नाकारलाय.

स्पीडब्रेकरवर चेंबर घासतो, तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून खालून बघ. टायर बुटके, मेट्रोच्या खोदकामात एलबीएस मार्गावर कडेला फुगे येतात. चारही एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत, चारही चाकांना ताकद जाते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. चुंबकीय शॉकअप असतील आणि ओले दिसले तर एकेकाचं बिल लाखाच्या घरात गेलेलं मी पाहिलंय. पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधशील, पण तिथे इलेक्ट्रॉनिक ठोकळे घेऊ नकोस. गाडीच्या कॉम्प्युटरशी त्यांची ओळख जमेलच असं नाही.

गाडीचा नंबर एमएच-02 किंवा एमएच-47चा असेल तर बरं. दिल्ली-हरियाणाची स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब कर, स्वस्ताई उरत नाही. ई-चलन आधी मोबाइलवर तपास. विमा 14 दिवसांत तुझ्या नावावर करायचा, आणि नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. 2015ची गाडी 2030ला पुन्हा पासिंगला उभी करावी लागेल, तेही डोक्यात ठेव.

शनिवारी सकाळी सातला मी मुलुंडहून निघतो, गाडीचा कॉम्प्युटर तपासणारा माझा स्कॅनरवाला सोबत असेल. डीलरला आजच फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही.