मोफत आणि मुक्त : घरच्या संगणकासाठी सॉफ्टवेअरची पारख

वसई तालुक्यातील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो वाचता आला, कारण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केलेला होता. त्यापूर्वी कित्येक शतके अशोकाचे लेख लोकांच्या डोळ्यांसमोर होते. पण ते वाचण्याची किल्ली हरवली होती. अक्षर टिकणे आणि ते वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या स्मरणिकेसाठी जुने साहित्य गोळा करताना हाच धडा मला पाचूबंदरच्या घरी नव्याने मिळाला. आपल्या काही माजी विद्यार्थ्यांचे वीस वर्षांपूर्वीचे लेख एका सीडीवर जपून ठेवलेले होते. सीडी शाबूत होती. पण लेख उघडताच पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रांगा उमटल्या. ते लेख युनिकोडपूर्व पद्धतीच्या एका विकतच्या फाँटमध्ये टंकलेले होते आणि तो फाँट आता कोणाकडेच नव्हता. ज्यांच्या छापील प्रती सापडल्या ते लेख पुन्हा टंकून घेतले. दोन लेख मात्र कायमचे गेले.

म्हणून घरच्या संगणकात कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत जुळणी केलेला किंवा वापरलेला संगणक येतो आणि त्यात दुकानदाराने विनापरवाना टाकलेली सॉफ्टवेअरची नक्कल असते. पंचशीलातील दुसरे शील आपण मुलांकडून रोज म्हणवून घेतो : जे दिलेले नाही ते घेऊ नये. हे शील संगणकालाही लागू आहे. शिवाय अशा नकलांतून व्हायरस शिरण्याचा धोका असतो तो वेगळाच.

सुदैवाने जे राजीखुशीने दिलेले आहे, तेच आपल्या गरजेला पुरेसे आहे. मात्र ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद समजून घ्यावा. मोफत सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, परंतु त्याच्या अटी मालकाच्या हाती असतात. मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचा, अभ्यासण्याचा, इतरांना वाटण्याचा आणि सुधारून वाटण्याचा हक्क सर्वांना असतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेथून या चळवळीचा आरंभ झाला.

मी स्वतः वापरून पाहिलेल्या काही सॉफ्टवेअरचा गुणदोषांसह परिचय येथे देत आहे.

लेखनासाठी लिब्रेऑफिस. २०१० पासून विकसित होत असलेल्या या मुक्त संचात पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरण यांची सोय आहे. पीडीएफही त्यातच तयार होते. त्याच्या ‘ओडीएफ’ या फाइल-प्रकाराला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याची रचना जाहीर असल्याने उद्या हे सॉफ्टवेअर राहिले नाही तरी दुसरे कोणी ती फाइल वाचणारे साधन तयार करू शकेल. उणीव ही, की अन्य संचात केलेले गुंतागुंतीचे तक्ते यात कधी कधी विस्कटतात.

मराठीसाठी युनिकोड. यासाठी लागणारा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत असतोच; तो फक्त सुरू करावा लागतो. ‘मुक्त’ आणि ‘लोहित’ हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याने मिळतात. बोटांना वळण लागेपर्यंत वेग कमी राहतो, चिकाटी ठेवावी.

ध्वनिचित्रफितींसाठी व्हीएलसी. १९९६ मध्ये फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून याचा जन्म झाला. स्नेहसंमेलनांच्या जुन्या चित्रफिती यावर बहुधा विनातक्रार चालतात.

मुलांसाठी जीकॉम्प्री आणि स्टेलॅरियम. पहिल्यात लहान मुलांसाठी शंभराहून अधिक शैक्षणिक खेळ आहेत; दुसऱ्यात वसईच्या आकाशातील आजचे तारे पडद्यावर दिसतात. दोन्ही मुक्त आहेत. भूमितीसाठी जिओजेब्रा उत्तम. परंतु ते केवळ अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. वर सांगितलेला भेद येथे स्पष्ट होतो.

जुन्या, मंद संगणकावर लिनक्स मिंट किंवा लुबंटू ही मुक्त प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते. पटली तरच बसवावी. बसवण्यापूर्वी आपल्या सर्व फाइलींची दुसरी प्रत अवश्य काढावी.

डाउनलोड करताना निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच जावे. इतरत्र ‘डाउनलोड’ लिहिलेली मोठी बटणे पुष्कळदा जाहिराती असतात. सॉफ्टवेअर बसवताना प्रत्येक पडदा वाचावा आणि न मागितलेल्या जोडसॉफ्टवेअरसमोरील खूण काढून टाकावी. मुक्त सॉफ्टवेअर वाटण्याची परवानगी असल्यामुळे एका घरी उतरवलेले लिब्रेऑफिस पेनड्राइव्हवरून दहा घरी नेता येते. त्यात चोरी नाही. शिकवणारे कोणी नसेल त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ मोफत उपलब्ध केले आहेत. त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती. आपल्या आठवणी जरूर लिहा. परंतु त्या युनिकोडमध्ये लिहा, खुल्या प्रकारच्या फाइलीत ठेवा आणि एक छापील प्रत शाळेकडे द्या. अशोकाचे शब्द पुन्हा वाचण्यासाठी एका प्रिन्सेपची वाट पाहावी लागली. आपल्या मुलांच्या शब्दांवर ती वेळ येऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे.