भूमीचा शब्बाथ

ह्या आठवड्याच्या अभ्यासासाठी लेवीयाचा पंचविसावा अध्याय उघडावा. मनुष्याने सातव्या दिवशी विसावा घ्यावा, ही आज्ञा आपल्या मंडळ्यांतील लेकरांसही पाठ असते. परंतु येथे देव विसावा देतो तो भूमीला. सहा वर्षे पेरणी व छाटणी करावी आणि सातव्या वर्षी रान पड ठेवावे. आपोआप उगवेल ते, निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायाप्रमाणे, गरिबांनी खावे व उरलेले वनपशूंनी. जमीन देवाची असून आपण तिच्यावर उपरी आहो, असे 23 व्या वचनात आहे. पूर्वी आपल्या गावांत मिरासदार व उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. देवापुढे मिरासदार कोणीच नाही.

आमचा शेतकरी बंधू विचारील, "दोन एकर रान, त्यावर सोसायटीचे कर्ज, पड ठेवले तर लेकरांनी खावे काय?" हा प्रश्न अश्रद्धेचा नव्हे. 20 व्या वचनात तो लोकांच्या तोंडी घातलाच आहे, आणि देव रागावत नाही. सहाव्या वर्षी तीन वर्षांचे पीक देण्याचे अभिवचन देतो. नियमशास्त्राचे हे कलम आज आपणांवर अक्षरशः बंधनकारक आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु भूमी थकते व तिच्या थकव्याची देवास काळजी आहे, हे तेव्हाइतकेच आजही खरे आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव वीणा गवाणकर ह्यांच्या 'एक होता कार्व्हर' ह्या पुस्तकामुळे पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे आहे. गुलामगिरीत जन्मलेले हे ख्रिस्तभक्त 1896 साली अमेरिकेत अलाबामातील टस्कीगी येथे शिक्षक म्हणून आले, तेव्हा कापसामागून कापूस घेऊन तेथील जमिनी निःसत्त्व झाल्या होत्या. गरीब शेतकऱ्यांस त्यांनी चवळी व भुईमूग लावण्यास शिकविले. ह्या पिकांच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतील नत्र बांधून ठेवतात. 1906 साली त्यांच्या योजनेप्रमाणे अवजारांनी भरलेली एक गाडी शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. ते टस्कीगीस बायबलचा वर्गही घेत.

आपले वडील ह्यासच बेवड म्हणत. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे कोणत्या जुन्या शेतकऱ्यास ठाऊक नाही? तरी उसामागून ऊस घेतला जातो, आणि तोड होताच पाचट पेटवितात. हे आम्हांस फार खटकते. त्या आगीत नत्र धुराबरोबर जाते, वरच्या थरातील जिवाणू मरतात, बांधावरची बाभूळ होरपळते, लाव्ह्याची पिले जळतात. तेच पाचट सरीत कुजविले तर ओल टिकते व जमिनीस अन्न मिळते. कष्ट अधिक पडतात, हे खरे.

उपदेशकांनी हा पाठ शक्य तर तोडणीपूर्वी, शेताच्या बांधावरच घ्यावा. ज्यांच्या नावे जमीन नाही अशा मजुरांसही बोलवावे. पाचटास लावायची काडी कित्येकदा त्यांच्याच हाती दिली जाते, आणि सहाव्या वचनात विसाव्याच्या वर्षाच्या उत्पन्नात मजुराचाही वाटा सांगितला आहे.