डायलिसिस : जीव वाचतो, पण...

मी संग्रामपूर तालुक्यातला. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा आपल्या बुलडाणा जिल्ह्याचा खारपाणपट्टा. इथे किडनीचे आजार गावोगावी आढळतात, त्यामुळे डायलिसिस हा शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक. पण हे यंत्र करते तरी काय?

पेशंटच्या हातातून रक्त बाहेर काढून पोकळ तंतूंच्या गाळणीतून फिरवतात. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने, उलट दिशेने, डायलिसेट वाहते. आपला काउंटरफ्लो हीट एक्स्चेंजर आठवा! फक्त उष्णतेऐवजी इथे युरिया व पोटॅशियम पलीकडे जातात. डायलिसेटचा वेग मिनिटाला साधारण 500 मिली धरला, तर चार तासांत 120 लिटर शुद्ध आरओ पाणी लागते.

फायदा मोठा आहे. सूज, दम, मळमळ कमी होते, जीव वाचतो. पण जादा पाणी भराभर काढले की बीपी उतरते, पायात गोळे येतात, घरी आल्यावर अंगात त्राण राहत नाही. खरी किडनी आठवड्याचे 168 तास राबते. तीन वेळा डायलिसिस केले तरी यंत्र फक्त 12 तास. म्हणून मधल्या दिवसांत पाणी, मीठ, केळी सगळे मोजूनमापून. दोन वेळांमध्ये वजन कमी वाढले, तर पाणी सावकाश काढता येते आणि त्रासही कमी होतो.

आमच्या शेजारचे मामा म्हणतात, "मशीननं जगवलं बापू, पण वावर सुटलं." मला वाटते, उपचाराचे यश मोजताना रिपोर्टमधल्या आकड्यांसोबत पेशंटची झोप, भूक आणि कामाची ताकदही विचारायला हवी.