भातखाचरातील ताप आणि शरीराचे जागले

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या चंदगड तालुक्यात पाऊस स्थिरावला की भातलावणीची लगबग सुरू होते. स्त्री-पुरुष दिवसच्या दिवस चिखलात उभे असतात. बांधावरच्या बिळांतील उंदरांच्या व गुरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू त्या पाण्यात मिसळू शकतात आणि पायांच्या जखमांतून किंवा भिजून मऊ झालेल्या त्वचेतून शरीरात शिरू शकतात. यातून होणारा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. घाटाखालच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत; २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईतही त्याची साथ आली होती.

शरीरात शिरलेला शत्रू ओळखला कसा जातो? पूर्वी गावोगाव रात्रीच्या राखणीला जागल्या असे. प्रत्येक चोराचे नाव त्याला ठाऊक नसे. अवेळी आलेल्या परक्याची चाल आणि पेहराव पाहूनच तो हाळी देई. आपली उपजत प्रतिकारशक्ती असेच काम करते. विशिष्ट रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार होण्यास अनेक दिवस लागतात. तोवर पहारा या जागल्यांचाच असतो.

जिवाणूंच्या बाह्य आवरणात मानवी पेशींत नसलेले काही रेणू असतात. अनेक जिवाणूंच्या आवरणात मेद व शर्करा यांचा संयोग असलेला लायपोपॉलिसॅकराइड हा रेणू आढळतो. पोहण्यासाठी असलेल्या त्यांच्या शेपटीवजा कशाभिकाही परक्या म्हणून ओळखल्या जातात. हे रेणू ओळखणारे ग्राहक आपल्या भक्षक पेशींवर असतात. झूल हॉफमन यांनी १९९६ मध्ये फळमाशीतील ‘टोल’ या जनुकाचे प्रतिकारातील कार्य दाखविले. ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून लायपोपॉलिसॅकराइड ओळखणारा ग्राहक टोलसदृश असल्याचे सिद्ध केले. २०११ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकात या दोघांचा वाटा होता. ग्राहकाने इशारा दिला की पेशी रासायनिक संदेश सोडतात. ताप येतो, सूज येते आणि इतर संरक्षक पेशी धावून येतात.

लेप्टोस्पायराने मात्र या पहाऱ्याला बगल दिली आहे. त्याच्या लायपोपॉलिसॅकराइडची घडण निराळी असल्याने माणसातील टीएलआर-४ हा ग्राहक त्याला ओळखत नाही. त्याच्या कशाभिकाही बाह्य आवरणाच्या आत दडलेल्या असतात. टीएलआर-२ हा दुसरा ग्राहक त्याची मेदप्रथिने ओळखतो खरा. परंतु मुख्य दरवाजावरचा जागल्याच फसल्याने जिवाणूला रक्तात पसरण्यास अवधी मिळतो. उलट, प्रयोगशाळेतील उंदरांचा टीएलआर-४ त्याच जिवाणूला ओळखू शकतो. एकाच जिवाणूचे रूप प्रत्येक प्राण्याला सारखेच दिसत नाही, हे यावरून ध्यानी येते.

म्हणूनच, ‘चिखलात काम करणाऱ्याला ताप यायचाच’ असे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. लावणीच्या दिवसांत तीव्र ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांतील वेदना व डोळ्यांची लाली दिसताच रुग्णाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि आपण खाचरात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंडे व यकृत यांना इजा पोहोचून प्राणावर बेतू शकते. जखमा झाकणे, शक्य तेथे गमबूट वापरणे आणि उंदरांचा बंदोबस्त करणे हे उपाय साधे आहेत. लावणीपूर्वीच्या ग्रामसभेत सदस्यांनी आणि वर्गात शिक्षकांनी एवढी माहिती दिली, तरी शरीराच्या जागल्यांना गावाची मोलाची साथ लाभेल.